वाट बघू नकोस, माझीसुद्धा नाही

सोन्या,

फोन केला की तू लोकलमध्ये असतोस, आई आवाज येत नाहीये म्हणून ठेवून देतोस, म्हणून टाइप करतेय. नालासोपाऱ्याला उतरून घरी गेलास की नीट वाच.

परवा सूनबाई म्हणाली पाय सुजतात, डोकं पण दुखतं, आणि तू मागून म्हणालास सातव्या महिन्यात असं होतंच. ते ऐकून मला झोप नाही लागली रे. होतंच हा शब्द मी प्रसूतिगृहात नोकरी करताना इतक्या वेळा ऐकलाय ना. एक पोरगी आणलेली, बावीस वर्षांची, घरीच दाईच्या हातून मोकळी झालेली. रात्री अकरापासून अंगावरून जात होतं आणि घरचे थांबले कशाला तर नवरा नाईट शिफ्टवरून येऊ दे, मग बघू. पहाटे पाचला आली तेव्हा हात गार पडलेले, नस सापडेना. गेली. सासू मला विचारते, सिस्टर, एवढं तर सगळ्यांनाच जातं ना? काय सांगणार होते मी तिला.

बाळंतपणातला रक्तस्राव धडधाकट बाईलाही काही तासांत नेतो, आणि आपल्याकडच्या बायका धडधाकट असतात कुठे, देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी, सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलंसुरलं खायचं, मग थोडं गेलं तरी सोसत नाही. दुसरं वाढलेलं बीपी. सूज, न थांबणारं डोकं, डोळ्यापुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, यातून झटके येतात. तिसरं जंतुसंसर्ग, ताप. आणि चोरून कुठेतरी केलेला गर्भपात, ते तर कोणी बोलतच नाही. २०२३ मध्ये जगात अंदाजे २ लाख ६० हजार बायका अशा गेल्या, त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त गरीब आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. औषधं काय नवीन नाहीत रे, रक्तस्रावाला ऑक्सिटोसिन आहे, झटक्यांना मॅग्नेशियम सल्फेट आहे, पण ती बाई वेळेत तिथे पोचायला तर हवी.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये तीन उशीर शिकवलेले. घरात ठरवायला, रस्त्यात पोचायला, आणि दवाखान्यात गेल्यावर रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही, दुसरीकडे न्या. मोखाडा-जव्हारकडे पावसाळ्यात अजून डोलीतून बाईला रस्त्यापर्यंत आणतात, त्यांचा उशीर त्यांच्या हातात नाही. तुझा पहिला उशीर पूर्णपणे तुझ्या हातात आहे. आपल्या महाराष्ट्रात अशा मृत्यूंचं प्रमाण २०१८-२० ला लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७, ते बघून खूप बरं वाटतं मला, पण त्या ३३ मध्ये पण कोणाची तरी सून आहेच ना.

तारीख जुलैची आहे. ट्रॅकवर पाणी भरलं की वसई-विरारची काय हालत होते मी सांगायला नको, तर पाऊस लागला की आधीच तिला इथे लालबागला आणून सोड. तिचा ब्लड ग्रुप मोबाईलमध्ये टाक, रक्त द्यायला तुझे दोन मित्र सांगून ठेव, १०८ चा नंबर तिच्या फोनमध्ये पण हवा. गोळ्या चहासोबत घेऊ देऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. आणि मोकळी झाली की संपलं असं समजू नकोस, डॉक्टरी हिशोबात धोका ४२ दिवस धरतात, आपल्या आज्या सव्वा महिना जपायच्या तो काय उगाच नाही.

रात्री दोनला तिला कसंतरी वाटलं तर रिक्षा काढ. आईला विचारतो म्हणून थांबू नकोस, मी रागावणार नाही, रिक्षात बसल्यावर फोन कर. पण आधी उद्या, रविवारची वाट न बघता उद्याच, तिचं बीपी आणि लघवी तपासून घे आणि आकडा मला लगेच पाठव, मी फोन हातात घेऊनच बसलेली असेन.

आई