मित्रास पत्र : टीक बापाची, अभ्यास पोराचा

कोल्हापूर,
डिसेंबर २०२१

प्रिय भावा,

तुमच्या कंपनीचं शिकवायचं अॅप जोरात चाललंय, हे वाचून बरं वाटलं. पण ‘गावाकडंही आता ऑनलाइनची सवय झाली असेल की’, हे काय मला पचलं नाही लेका.

कोरोनात बंद पडलेली आमची पहिली ते चौथी १ डिसेंबरला उघडली. माझ्याकडं दुसरी. या पोरांची नावं २०२० च्या जूनमध्ये पटावर चढली आणि पहिलीचा वर्ग न बघताच ती वर सरकली. पेन्सिल मुठीत धरतात. ‘ब’ आणि ‘व’ मध्ये अजून गोंधळ. शिवाय रांगेत बसायचं, दुसऱ्याचं होईस्तोवर थांबायचं, हे तर कुणी शिकवलंच नाही.

गाव गगनबावड्याच्या बाजूचं. रेंज शाळेमागच्या टेकाडावर, तीही पाऊस नसला तर. आणि तिकडचा पाऊस तुला माहीत आहे. घरात फोन एकच, तो बापाबरोबर रोजगाराला जाणार. रात्री तो घरी येईस्तोवर पोरगं झोपलेलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणून आम्ही व्हॉट्सअॅपवर अभ्यास टाकायचो. किती पोरांनी बघितला याचा तक्ता वरून मागायचे, तो निळ्या टिका मोजून भरायचा. टीक बापाची, हजेरी पोराची!

त्यापेक्षा सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका बरी. जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी लागायची, नेटपॅक लागत नव्हता. पण पोरगं कुठं अडलं, हे टीव्हीला कसं कळणार?

त्यात यंदा जुलैत महापूर. चिखली-आंबेवाडीकडं घरंच पाण्यात, तिथं पुस्तकांचं काय विचारतोस. त्याच महिन्यात दहावीचा निकाल परीक्षा न होताच ९९.९५ टक्के लागला. पेढे मात्र वाटले लोकांनी.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड. आता शाळाच दीड वर्ष बंद राहिली, दंड कुणाला करायचा?

तुमच्या कंपनीला काही द्यायचंच असेल, तर टॅब नकोत. गावात बारावी झालेल्या पोरी घरी बसून आहेत. त्यांना थोडं मानधन द्या, संध्याकाळी दोन तास पोरांकडून वाचून घेतील. साहेबांशी बोलून जानेवारीच्या आत कळव, म्हणजे मी पालकसभेत विषय काढतो.

वहिनींना नमस्कार. गुऱ्हाळं सुरू झालीत, येताना मोकळा डबा आण.

तुझाच,
मास्तर