सेमांगमच्या ताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर फोन करून झापलं असतंत. तरी पत्र जाहीर लिहितोय, कारण २०२३ ची कोरियातली पंचविसावी वर्ल्ड स्काऊट जांबोरी म्हटलं की लोकांचा एकच प्रश्न असतो: "ती फसलेली ना? उन्हाने मुलं पडली होती ती?" आजवर मी "हो, तीच" म्हणून विषय बदलत आलो. बातम्यांत आलं ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेलं अर्धं आता सांगून टाकतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. जांबोरी म्हणजे जगभरच्या स्काऊटांचा मेळावा, ती साधारण चार वर्षांनी एकदा भरते आणि १४ ते १७ वर्षांची मुलंमुली तिथे तंबू ठोकून राहतात. सेमांगमला दीडशेहून जास्त देशांतून आलेले आम्ही चाळीस हजारांवर जण होतो. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ३३ किलोमीटरहून लांब बांध घालून समुद्र अडवलाय, त्यातून निघालेल्या जमिनीवर ही छावणी होती. नजर जाईल तिथवर सपाट, आणि सावलीला म्हणून झाड नाही. त्यात ऑगस्टचा पहिला आठवडा. कोरियन सरकारने उष्णतेचा सर्वांत वरचा इशारा चार वर्षांत पहिल्यांदाच दिला होता. पारा ३५ च्या आसपास. हा आकडा ऐकून "एवढंच?" म्हणणारे मला बरेच भेटलेत. हवा इतकी दमट होती की घाम सुकायचाच नाही, आणि घाम सुकला नाही की अंग निवत नाही. उद्घाटनाच्या रात्रीच उन्हाने आजारी पडलेल्या शंभराहून जास्त जणांवर उपचार करावे लागले.

मी तेव्हा सोळा वर्षांचा, आणि संघनायक. माझ्यासकट नऊ जणांचा संघ. असे चार संघ आणि चार मोठी माणसं मिळून एक युनिट, ही जांबोरीची पद्धतच. आमचे लीडर मनापासून करत होते, पण छत्तीस पोरांमागे चार माणसं, आणि त्यांतलेही एक सर उन्हाने आडवे झालेले.

तुम्ही आमच्या युनिटच्या नव्हतातच. तुम्ही इंटरनॅशनल सर्व्हिस टीममध्ये, म्हणजे छावणीची कामं बघणाऱ्या मोठ्यांच्या पथकात, सगळे म्हणतात त्या आयएसटीत होतात. आमच्या बाजूच्या पाण्याचं काम तुमच्याकडे होतं. तंबूतून मराठीतली भांडणं ऐकू आली म्हणून थांबलात. भांडण कशाचं, तर तंबू उभा राहीना याचं. आधीच्या पावसाचं पाणी जागोजागी साचलेलं, त्यामुळे तंबू प्लॅस्टिकच्या पॅलेटवर, म्हणजे फटीफटीच्या चौथऱ्यांवर, लावायचे होते, आणि पॅलेटमध्ये खुंटी ठोकणार कुठे? तुम्ही दोरी हातात घेतलीत, पॅलेटच्या फटीतून ओवलीत, दोन वेढे दिलेत आणि विचारलंत, "ही कुठली गाठ?" क्लोव्ह हिच! ती गाठ आम्ही परीक्षेपुरती काठीवर शंभरदा मारली होती. ती कधी खरंच लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. उरलेल्या दोऱ्या तुम्ही बांधल्या नाहीत. आमच्याकडून बांधून घेतल्यात आणि एक सैल होती ती सोडायला लावलीत.

पण मला तुमचे आभार मानायचेत ते मुख्यतः एका प्रश्नासाठी. तिथे दिवसभर जो तो आम्हाला विचारायचा, "आर यू ओके?" आणि आम्ही सगळे "येस" म्हणायचो. चक्कर येत असली तरी येस. देशाच्या नावाचा बिल्ला छातीवर असल्यावर कोण नाही म्हणेल? तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलंत, "शेवटची लघवी कधी केलीस? रंग कसा होता?" पोरं लाजून जमिनीकडे बघायला लागली. एक जण तर तंबूत शिरला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की पाणी कमी पडलं की पहिली खबर तिथे मिळते, डोकं दुखायला लागतं ते नंतर. मग माझी वही मागितलीत, नऊ नावं एकाखाली एक लिहिलीत, पुढे रकाने आखलेत: पाणी किती बाटल्या, लघवी, रंग, जेवण, झोप. वही माझ्या हातात देऊन म्हणालात, "मी दिवसातून एकदाच येणार. बाकी वेळ हे तुझं."

आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं तुम्ही आता आमच्याजवळ थांबाल, सगळं बघाल. पण त्या वहीमुळे मला काहीतरी करायला मिळालं आणि माझी स्वतःची भीती कमी झाली. लाजही फार टिकली नाही. पुढे पुढे तर पोरं लांबूनच ओरडायची, "लीडर, एकदम स्वच्छ! लिही!" शेजारच्या युनिटमधल्या परदेशी मुलांना आम्ही खाणाखुणांनी हा प्रकार समजावला तेव्हा ती हसून लोळायची बाकी होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेही तसाच तक्ता लटकत होता. बिल्ले, स्कार्फ यांची अदलाबदल जांबोरीत सगळेच करतात. आमच्या संघाने लघवीचा तक्ता निर्यात केला. आमच्या नऊ जणांपैकी एकालाही दवाखान्याच्या तंबूत न्यावं लागलं नाही. याचं श्रेय त्या वहीला द्यायचं की नशिबाला, हे डॉक्टर ठरवतील. मी माझ्यापुरतं ठरवलंय.

मग ब्रिटनची मुलं निघाली. साडेचार हजारांच्या आसपास, सगळ्यांत मोठी तुकडी. पाठोपाठ अमेरिका, सिंगापूर. त्या संध्याकाळी आमच्यात उभी फूट पडली. निम्मे म्हणत होते आपणही जायचं, निम्मे म्हणत होते पळपुटे आहेत ते. तुम्ही पाण्याची खोकी उतरवत होतात. हातातलं खोकं खाली ठेवून एवढंच म्हणालात, "त्यांनी त्यांची मुलं सांभाळली. तुमचे लीडर तुमची सांभाळतायत. नावं कुणालाच ठेवायची नाहीत." आणि अंधार पडल्यावर आमच्यात बसून जुन्या जांबोऱ्यांच्या गोष्टी सांगितल्यात. १९२९ साली इंग्लंडमधल्या ॲरो पार्कला इतका पाऊस झाला की ती चिखलाची जांबोरी म्हणूनच ओळखली गेली. १९७१ ला जपानमध्ये असागिरीच्या पठारावर वादळ आलं आणि हजारो स्काऊटना तंबू सोडून आसऱ्याला न्यावं लागलं. आम्हाला तोवर वाटत होतं की इतिहासात फजिती फक्त आमच्याच वाट्याला आलीये. ते ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याची फजिती ऐकून बरं वाटणं स्काऊटच्या नियमात बसतं का, ठाऊक नाही.

घरी फोन लावायचं तुम्हीच सुचवलंत. टीव्हीवर बघून घरचे हवालदिल असणार हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमची अट एकच होती: "आधी काय खाल्लं ते सांगायचं, मग बाकी काहीही." अट विचित्र वाटली, पण आईचा आवाज तिसऱ्या वाक्याला निवळला. जेवलेला मुलगा ठीक असतो, एवढं आयांना पुरतं.

८ ऑगस्टला खानून वादळाच्या भीतीने अख्खी छावणी रिकामी केली. हजाराहून जास्त बस लागल्या. एवढी माणसं एका दिवसात, भांड्याकुंड्यांसकट हलवणं काय असतं, ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आमची बस सुटली तेव्हा तुम्ही पलीकडच्या बसपाशी सॅका मोजत होतात. आम्ही खिडकीतून हाका मारल्या. तुम्ही मान वर न करता हात दाखवलात, कारण मोजणी चुकली असती. त्यामुळे नीट निरोप झालाच नाही, आणि आभारही राहिले.

पुढचं झटपट सांगतो. आम्हाला एका विद्यापीठाच्या वसतिगृहात ठेवलं. पलंग होता, पंखा होता, एसी होता, आणि नऊच्या नऊ जण पहिल्या रात्री एकाच खोलीत जमिनीवर झोपलो. ११ तारखेला सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये समारोप आणि के-पॉपचा जंगी कार्यक्रम झाला. न्यूजीन्स, एनसीटी ड्रीम वगैरे मंडळी होती. घरी परतल्यावर बहिणींनी फक्त त्याच्याबद्दल विचारलं. कार्यक्रम झकास होता, पण कुणी मला पुन्हा एकच संध्याकाळ निवडायला सांगितली तर मी ती पाण्याच्या खोक्यांशेजारची निवडेन.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. पुढची जांबोरी पोलंडला आहे, ग्दान्स्कला, ३० जुलै ते ८ ऑगस्ट २०२७. स्काऊट म्हणून जायचं माझं वय गेलं. अठरा पूर्ण झालेल्यांना आयएसटीत जाता येतं, म्हणून त्याची माहिती वाचायला घेतली. आणि तिथे फीचा रकाना दिसला. मी दोनदा वाचलं. म्हणजे ही माणसं जातात, राबतात, आणि वर त्याचे पैसे स्वतः भरतात! मला इतके दिवस वाटत होतं की तुम्हाला कुणीतरी कामावर ठेवलंय, निदान खर्च तरी मिळतोय. म्हणजे तुम्ही रजा टाकून, फी भरून, विमानाचं तिकीट काढून आला होतात ते आमच्या पाण्याची खोकी उचलायला. त्या सगळ्या दिवसांत तुमच्या तोंडून याबद्दल एक शब्द आला नाही. आला असता तर आम्ही तुमच्याशी जरा तरी नीट वागलो असतो. निदान तुमच्या टोपीवरून केलेले विनोद तरी टाळले असते.

ताई, मनापासून आभार. संघातल्या बाकी आठ जणांचेही यातच धरा. त्यांना विचारूनच लिहितोय, आणि दोघांनी आवर्जून कळवलंय की रंगाचा तक्ता पत्रात आलाच पाहिजे. तो आलाय.

पोलंडचा अर्ज मी भरतोय. पैसे साठवायला लागलोय, शिकवण्या घेतो. तुमचं काय? येणार असाल तर कळवा. नसाल तर आयएसटीच्या माणसाने सोबत काय न्यावं याची यादी तरी पाठवा. माहितीपत्रकातली नको, तुमची.

आणि आईला तुमच्याशी बोलायचंय. त्या फोनपासून ती तुमचा नंबर मागतेय. देऊ का?

तुमचा,
तेव्हाचा संघनायक