शेवटचं काम आधी ठरवा, व्हिडिओ नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लेक्चर रेकॉर्ड केलं, पीडीएफ जोडली, शेवटी चार पर्यायवाले प्रश्न टाकले की झाला ऑनलाइन कोर्स, असं बऱ्याच जणांना वाटतं, त्याबद्दल लिहायचंय. मी स्प्रेडशीटचा असाच एक कोर्स केला, चाळीस व्हिडिओ, सगळ्यांपुढे हिरवी टिक, सर्टिफिकेटपण आलं, आणि दुसऱ्या दिवशी कोरी शीट उघडली तर साधा व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यातून हवी ती माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला, कसा लिहायचा तेच आठवेना. बघताना सगळं कळत होतं हो, पण हाताने एकदाही केलं नव्हतं! क्विझमध्ये चुकलं की दुसरा पर्याय दाबायचा, हिरवं होईपर्यंत.

नंतर दुसरा कोर्स घेतला. त्यात पहिल्याच दिवशी एक घाणेरडी फाईल दिली, एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं, तारखांमध्ये कुठे दिवस आधी तर कुठे महिना, आणि सांगितलं की कोर्स संपेपर्यंत ही साफ करून द्यायची. मग प्रत्येक व्हिडिओ त्या फाईलपुरताच, पाच-सहा मिनिटांचा. माझी शीट एका मॅडमनी खरंच उघडून बघितली आणि चुकलेल्या सेलवर कमेंट टाकली, ती चूक परत झाली नाही.

शिकणाऱ्याला शेवटी काय करता यायला हवं ते आधी ठरवून मागे मागे येत कोर्स रचायचा, ह्याला बॅकवर्ड डिझाइन म्हणतात आणि विगिन्स आणि मॅकटाय या शिक्षणतज्ज्ञांनी ते १९९८ मध्येच मांडलंय. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात तर दिसलं की परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. म्हणजे व्हिडिओ रिवाइंड करण्यापेक्षा तो बंद करून स्वतः करून बघणं बरं.

२०११ मध्ये स्टॅनफर्डच्या एआय कोर्सला दीड लाखाच्या वर लोकांनी नाव नोंदवलं, एवढ्यांचं तपासायचं म्हणजे मशीनच लागणार, ते मान्य. आपल्या वेळेने शिकायची सोय तर नोकरी सांभाळणाऱ्यांसाठी राहायलाच हवी. पण पाचशे जणांच्या कोर्सला निदान एक असाइनमेंट माणसाने तपासलेली का असू नये? आणि कोर्स काढणाऱ्यांनी शेवटचं काम काय आहे ते फी भरायच्या आधीच दाखवावं, तासांचे आणि व्हिडिओंचे आकडे नंतर सांगा.

आपला,
एक वाचक