सातच्या गाण्यांना निवेदक हवेत : स्वयंसेवक आणि देणगीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरचा संध्याकाळी सातचा गाण्यांचा कार्यक्रम सध्या नुसत्या गाण्यांवर चालू आहे. एक संपलं की दुसरं लागतं. कोण गायलं, चाल कुणाची, राग कोणता, हे सांगायला माइकपुढं माणूस नाही. निवेदन करणाऱ्या ताई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्यात आणि त्यांचे जोडीदार निवेदक गुरुजी यांना डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. या दोघांनी इतकी वर्षं एक पैसा न घेता हा कार्यक्रम ओढला. आता श्रोते फोन करून विचारतात, "केंद्र बंद पडलं काय?" हे ऐकवत नाही, म्हणून घाईघाईत हे आवाहन लिहीत आहे.

गाणं समजणारी माणसं आपल्याकडं नाहीत, असं सांगली-मिरजेत तरी कुणी म्हणू नये. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेत विद्या दिली, विष्णु दिगंबर पलुसकर तिथंच त्यांच्या हाताखाली तयार झाले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच झाले. ते १९३७ मध्ये गेले, पण आजही दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीनं मोठमोठे गवई हजेरी लावतात. लावणीकार पठ्ठे बापूराव आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, तमाशातले काळू-बाळू आपल्या कवलापूरचे. आकाशवाणी सांगलीनं १९६३ पासून घराघरात गाणं पोचवलं. त्यांच्यापुढं आपलं केंद्र लहान आहे. शंभर वॅटची ताकद, आवाज जातो जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पण तेवढ्या टप्प्यात राहणाऱ्यांनीच गावं, त्यांनीच ऐकावं, यासाठीच तर सामुदायिक रेडिओ असतो. या रेडिओलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढं २००६ च्या धोरणात आपल्यासारख्या संस्थांना परवाना मिळण्याची वाट मोकळी झाली.

सातच्या कार्यक्रमानं काय दिलं, हे नव्या मंडळींना माहीत असावं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन आपण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावतानाचा आवाज टिपला. कारागीर तारांखालच्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, परत कानस. आणि मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला की तीच तार एकदम गुंजायला लागते! तो भाग लागला तेव्हा बुधगावच्या एका शिवणकाम करणाऱ्या काकांनी मशीन थांबवून तो ऐकला, आणि संपल्यावर फोन करून "उद्या परत लावा" म्हणाले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधी आपण त्या गल्लीत माइक घेऊन बसलो होतो. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या, धनगरी ओव्यांचे गडी, भजनी मंडळं, बँजो पार्टीतली पोरं, सगळे आपल्या स्टुडिओत येऊन गेले. त्यांतल्या दोन आज्या आता नाहीत. त्यांचा आवाज फक्त आपल्या हार्डडिस्कवर आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोण विसरेल. सांगलीच्या गावभागातल्या तळमजल्यावरचा आपला स्टुडिओ पाण्यात गेला. ट्रान्समीटर पोरांनी डोक्यावरून वर नेला म्हणून वाचला; मिक्सर, माइक, भिंतींचे फोम सगळं गाळात. तेव्हा हळद पेठेतल्या एका अडत्यांनी न मागता स्वतःच्या पेढीवरची वरची खोली दिली, आजही भाडं घेत नाहीत. वखारभागातल्या बहिणींनी घरातल्या जुन्या गोधड्या आणून भिंतींना टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या गोधड्या अजून तिथंच आहेत आणि रेकॉर्डिंगला उत्तम काम देतात. विश्रामबागच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी दोन महिने राबून वायरिंग केलं, चहासुद्धा घरून आणायचे. एका सतारमेकरांनी तानपुरा दिला, तोही आपल्या हातानं जुळवून. नावं छापू नका, असं या सर्वांनी बजावलं आहे, म्हणून छापत नाही. पण ज्यांना माहीत आहे त्यांनी भेटल्यावर हात जोडावेत.

आणि एक गोष्ट मनात आहे, ती बोलतो. गेल्या वर्षी असंच आवाहन केलं होतं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला, "छान उपक्रम", "आम्ही पाठीशी आहोत". रविवारी प्रशिक्षणाला सतरंजी घालून, चहा सांगून आम्ही बसलो, आले दोघं. एका कॉलेजनं वीस विद्यार्थी पाठवतो म्हणून शब्द दिला होता, तिथून साधा निरोपही आला नाही. राग नाही, पण वाईट वाटलं. ज्या गावात नाट्यगृहात जागा मिळत नाही म्हणून भांडणं होतात, तिथं गाण्यासाठी आठवड्यातला एक तास द्यायला माणूस मिळू नये?

अनेकांना वाटतं की आवाज भारदस्त हवा, भाषा पुस्तकी हवी. तसं काही नाही. आपली सांगलीची बोली चालते, किंबहुना तीच हवी. बाकीचं शिकता येतं. माइकपासून वीतभर अंतर ठेवायचं, तोंड किंचित तिरकं, म्हणजे प, फ, भ उच्चारताना फुंकर आदळत नाही. मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. हेडफोन काढून बोलायचं नाही. मुखडा सुरू झाला की गप्प बसायचं, हे नव्या माणसाला सगळ्यात अवघड जातं. गाणं संपलं की गायक, कवी, संगीतकार यांची नावं परत सांगायची, कारण मधेच रेडिओ लावणारा तेवढ्यासाठीच थांबलेला असतो. "तमाम श्रोत्यांनो" असं सभेत बोलल्यासारखं न बोलता, चुलीपुढं बसलेल्या एका बाईशी बोलतोय असं बोलायचं. पहिले चार भाग आधी रेकॉर्ड करून, काटछाट करून लावू; थेट प्रसारणाला कुणालाही एकदम बसवणार नाही. घशाला कोरड सगळ्यांनाच पडते. गुरुजींच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये हातातल्या कागदाची थरथर ऐकू येते, ते आम्ही जपून ठेवलंय.

आता कामाचं. प्रशिक्षण येत्या रविवारपासून चार रविवार, सकाळी १० ते १२, पेढीवरच्या खोलीत, मोफत. वयाची अट नाही, १८ खालच्यांनी पालकांचं संमतीपत्र आणावं. आठवड्यातून एक संध्याकाळ, किमान सहा महिने, हे कबूल असेल तरच या. बातम्या आणि राजकीय प्रचार माइकवरून करता येत नाही, परवान्याची अट आहे. सिनेगीतांचे हक्काचे पैसे भरावे लागतात, म्हणून स्थानिक कलाकारांवर भर. त्यांची लेखी संमती निवेदकानंच घ्यायची. देणगीचं म्हणाल तर दोन माइक, एक छोटा मिक्सर, तीन हेडफोन आणि इन्व्हर्टरची बॅटरी मिळून लाखभर रुपये हवेत. जाहिरातीची मुभा तासाला १२ मिनिटांपर्यंत वाढली आहे, पण आपल्याला जाहिराती मिळतात कुठं? दुकानदारांनी दिवाळीच्या आत एकेक तरी द्यावी. वस्तुरूपानंही चालेल, पण आणण्याआधी विचारा, बंद पडलेले टेप ठेवायला जागा नाही. देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन द्यावी, पावती मागून घ्यावी. फोन केंद्राच्या नेहमीच्या नंबरवर, दुपारी ४ नंतर.

आपला,
चिटणीस

ता. क. : पेढीचा जिना अरुंद आणि उभा आहे. गुडघ्यांमुळं चढता येत नसेल तर आदल्या दिवशी कळवा; खाली गाळ्यात खुर्ची मांडून, वरून वायर सोडून तुमचा आवाज घेऊ.