तक्रार पत्र: न्यूट्रल नसलेल्या स्विचबोर्डांसाठी चुकीची माहिती देऊन स्मार्ट स्विच विकल्याबाबत

दिनांक: 24 जून 2025
चिपळूण, जि. रत्नागिरी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पाच स्मार्ट स्विच मॉड्यूलांची रक्कम परत मिळणे, तसेच आपल्या प्रतिनिधीने दिलेल्या धोकादायक सल्ल्याची दखल घेतली जाणे.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी 9 मे 2025 रोजी, नेहमीच्या बटणांच्या मागे बोर्डात बसवायची 14 स्मार्ट मॉड्यूल मागवली. प्रत्येकी 2,350 रुपयांप्रमाणे 32,900 रुपये मी आगाऊ भरले. खालच्या मजल्यावर बसवलेली नऊ मॉड्यूल उत्तम चालत आहेत आणि त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. वरच्या मजल्यावरची पाच मात्र बसवल्या दिवसापासून एकदाही नीट चाललेली नाहीत. ती तिथे चालणार नाहीत हे आपल्याला मी मागणी नोंदवण्यापूर्वीच सांगता आले असते, कारण मी नेमका तोच प्रश्न लेखी विचारला होता.

प्रश्न का विचारला, हे समजण्यासाठी आमच्या घराची थोडी माहिती देणे आवश्यक आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराचे पाणी आमच्या खालच्या मजल्यावर छातीपर्यंत चढले होते. त्यानंतर त्या मजल्याचे संपूर्ण वायरिंग आम्ही नव्याने करून घेतले, बोर्ड पूर्वीपेक्षा बरेच वर घेतले आणि प्रत्येक बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे प्रवाह परत नेणारी, तार आणून ठेवली. वरच्या मजल्यावर पाणी पोहोचले नव्हते, त्यामुळे तिथले 1994 सालचे, भिंतीतून गेलेले वायरिंग तसेच राहिले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे वरच्या बोर्डांत फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, येतो, बटणातून निघालेली तार दिव्याकडे जाते आणि न्यूट्रल छतातून परस्पर होल्डरला मिळतो. ज्या बोर्डावर प्लग आहे तेवढ्यातच न्यूट्रल सापडतो, आणि आमच्या वरच्या पाच बोर्डांपैकी एकावरही प्लग नाही.

माझे वडील 79 वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा खांदा आखडलेला आहे. पुरानंतर उंच घेतलेल्या बोर्डांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही, म्हणूनच मोबाइलवरून आणि आवाजावर चालणारे स्विच घेण्याचा विचार आम्ही केला. पावसाळा तोंडावर आला की सप्टेंबरपर्यंत खबरदारी म्हणून त्यांची झोपण्याची सोय वर असते. त्यामुळे वरची खोली, तिथला बोळ आणि जिना या तीन जागी दिवे भरवशाचे असणे ही आमच्या दृष्टीने हौस नव्हे, गरज आहे.

या कारणाने मी निवड करताना घाई केली नाही. 5 मे रोजी आपल्या ग्राहक सेवेला पाठवलेल्या ईमेलमध्ये मी प्रत्येक बोर्डावरची बटणे, त्यांवर चालणारे दिवे आणि पंखे, दिव्यांचे वॅट आणि कोणत्या बोर्डात न्यूट्रल आहे व कोणत्या नाही, याचा तक्ताच करून दिला होता. वरचे दिवे 7 आणि 9 वॅटचे एलईडी आहेत, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्याच दिवशी आपल्या प्रतिनिधीचे उत्तर आले की, "आमचे मॉड्यूल न्यूट्रल असो वा नसो, कोणत्याही घरात आणि कोणत्याही दिव्यावर चालते." संकेतस्थळावरील वस्तूच्या माहितीतही याच अर्थाचे वाक्य आहे. त्या दोन्ही गोष्टींवर विश्वास ठेवून मी खरेदी केली.

17 आणि 18 मे रोजी आमच्या नेहमीच्या वायरमननी सर्व मॉड्यूल बसवली. त्या रात्री वरच्या खोलीतला दिवा बंद केल्यानंतरही दर चार-पाच सेकंदांनी क्षणभर उजळून विझू लागला. अंधाऱ्या खोलीत हा लुकलुकाट किती त्रासदायक असतो, हे तिथे एक रात्र काढल्याशिवाय कळणार नाही. वडिलांनी अखेर उशीवरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि पहाटेपर्यंत तसेच पडून राहिले. दिवा लावलेला असताना निराळाच प्रकार होत असे, तो अचानक विझे आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप पुन्हा लागे. जिन्याच्या दिव्यालाही हेच होत होते. 20 मे रोजी रात्री वडील जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर असताना तो विझला. सुदैवाने त्यांचा डावा हात कठड्यावर होता.

वायरमननी बोर्ड उघडून कारण समजावले, ते आपल्या तांत्रिक विभागाला माहीत नसणे शक्य नाही. मॉड्यूलमधला वाय-फायचा भाग सतत जागा राहण्यासाठी त्याला अखंड थोडा प्रवाह लागतो. बोर्डात न्यूट्रल असेल तर तो प्रवाह तिथून परततो आणि दिव्याचा त्याच्याशी संबंध येत नाही. न्यूट्रल नसेल तर त्या प्रवाहाला दिव्यातूनच वाट काढावी लागते. पूर्वीच्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बला एवढ्याशा प्रवाहाचा पत्ताही लागला नसता, परंतु एलईडीच्या आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) त्या प्रवाहाने हळूहळू भरतो, भरला की दिवा एकदा चमकतो आणि पुन्हा भरू लागतो. दिवा लावल्यावर उलट अडचण येते, कारण 7 वॅटच्या दिव्यातून मॉड्यूलला पुरेल इतका प्रवाहच मिळत नाही आणि ते बंद पडून पुन्हा सुरू होते. आपल्याच खोक्यातील घडीच्या माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत लिहिले आहे की, न्यूट्रलशिवाय जोडणी करायची असल्यास दिव्याचा भार किमान 15 वॅट असावा. हे वाक्य संकेतस्थळावर नाही आणि मला आलेल्या उत्तरातही नव्हते. खोके फोडल्यावर हाती येणाऱ्या कागदावर ते असणे म्हणजे ग्राहकाला सांगणे नव्हे.

21 मे रोजी मी तक्रार नोंदवली. त्यावर आपण 2 जूनला पाच छोटे कपॅसिटर पाठवले आणि ते होल्डरपाशी दिव्याला समांतर जोडण्यास सांगितले. वायरमननी शिडी लावून पाचही जोडले आणि त्याचे 900 रुपये मी दिले. लुकलुकणे तीन दिव्यांचे थांबले, दोन दिव्यांचे कमी झाले. लावलेला दिवा मध्येच विझण्याचा दोष मात्र पाचही ठिकाणी कायम राहिला. वरच्या पाइपांतून न्यूट्रलची नवी तार ओढता येते का, हेही आम्ही पाहिले, पण वायरमनची स्टीलची स्प्रिंग पहिल्याच वळणात अडकली. भिंती फोडल्याशिवाय ते काम होणार नाही. घर फोडायचे नव्हते, म्हणूनच तर बोर्डात मावणारे मॉड्यूल निवडले होते.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत गंभीर वाटते. 14 जून रोजी आपल्या तांत्रिक विभागातील प्रतिनिधीचा दूरध्वनी आला. मी तो स्पीकरवर ठेवला होता आणि वायरमन शेजारी उभे होते. बोर्डात न्यूट्रल नसेल तर अर्थिंगची हिरवी तार मॉड्यूलच्या न्यूट्रलच्या जागी जोडा, सगळे ठीक चालेल, असे आपल्या प्रतिनिधीने सांगितले. वायरमननी तिथल्या तिथे नकार दिला. "बाई, हे मी माझ्या घरीही करणार नाही," एवढेच ते म्हणाले. अर्थिंगची तार ही दोषाच्या वेळी प्रवाह जमिनीत नेण्यासाठी असते, रोजचा प्रवाह वाहून नेण्यासाठी नसते. तिचा सांधा पुढे कुठे सैल झाला, तर मॉड्यूलमधून आलेला विजेचा दाब त्याच तारेने प्लगच्या अर्थपिनेपर्यंत आणि तिथून फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या धातूच्या अंगावर येऊ शकतो. चिपळूणच्या पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून त्या वस्तूंना हात लावणाऱ्या माणसाचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय पुरानंतर आम्ही 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला आहे. पाच मॉड्यूलांचा प्रवाह अर्थिंगमध्ये गेला, तर तो वारंवार पडू लागेल, आणि वैतागून कोणीतरी तो काढून टाकण्याचा सल्ला देईल. आमच्याकडे जाणता वायरमन होता म्हणून हा प्रसंग टळला. ज्या घरी तो नसेल, तिथे आपल्या प्रतिनिधीचे शब्द प्रमाण मानले जातील. हा सल्ला इतर किती ग्राहकांना दिला गेला, याची चौकशी आपण तातडीने करावी आणि त्या सर्वांशी संपर्क साधून अशी जोडणी काढून टाकण्यास कळवावे. माझी रक्कम परत मिळण्यापेक्षाही ही मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते.

त्याच संभाषणात सुचवलेला दुसरा उपाय, म्हणजे 7 वॅटच्या जागी 20 वॅटचे दिवे लावणे, मला मान्य नाही. झोपण्याच्या खोलीत आणि बोळात तेवढ्या उजेडाची गरज नाही, आणि स्विचला साजेसा दिवा शोधत बसावे म्हणून आम्ही स्विच घेतलेला नाही.

वरच्या मजल्यावरची पाच मॉड्यूल परत घेऊन त्यांचे 11,750 रुपये, कपॅसिटर बसवण्याचे 900 रुपये आणि ही मॉड्यूल काढून जुनी जोडणी पूर्ववत करण्याचे 1,200 रुपये, असे एकूण 13,850 रुपये मला परत मिळावेत. बदली म्हणून तेच मॉड्यूल पुन्हा पाठवू नये. भिंतीवरचे बटण बॅटरीवर आणि दिवा स्वतः स्मार्ट, अशी न्यूट्रलची गरज नसलेली रचना आम्ही वरच्या मजल्यासाठी स्वतंत्रपणे घेणार आहोत. संकेतस्थळावरील "कोणत्याही घरात" हे वाक्य काढून किमान 15 वॅट भाराची अट किमतीच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत द्यावी आणि खरेदीपूर्वी ग्राहकाला बोर्डात न्यूट्रल आहे का हे विचारले जावे, अशीही माझी मागणी आहे. 1990 च्या दशकातली आणि त्यापूर्वीची असंख्य घरे महाराष्ट्रात अशाच वायरिंगची आहेत. हा प्रश्न विचारायला एक ओळ पुरते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्याच्या आत होणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. बिल, 5 आणि 6 मे चे ईमेल, माहितीपत्रकाचे छायाचित्र, दिवे लुकलुकतानाची चित्रफीत आणि वायरमनच्या सहीची पावती या पत्रासोबत जोडली आहे. 14 जूनच्या संभाषणाचा आपल्याकडील ध्वनिमुद्रित भाग जपून ठेवावा, ही विनंती.

पाचही मॉड्यूल काल काढून मूळ खोक्यांत भरून ठेवली आहेत. आपला माणूस कोणत्या दिवशी येणार ते आदल्या दिवशी कळवावे.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
ग्राहक, चिपळूण