आई-बाबांस पत्र : नव्या पासपोर्टाविषयी

विल्नियस

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी लिथुआनियाच्या नागरिकत्वासाठी अर्ज दिल्याचे फोनवर सांगितले तेव्हा बाबा, तुम्ही एवढेच विचारलेत, "म्हणजे आता तुला घरी यायला व्हिसा लागणार?" आणि आईने गॅसवर दूध असल्याचे निमित्त करून फोन ठेवला. फोनवर मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. अर्धवट उत्तरातून तुम्ही दोघे रात्रभर काय काय अर्थ काढाल हे मला माहीत असल्यामुळे सगळे नीट लिहूनच कळवते. बाबांनी हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मधली ओळ गाळू नये.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. ज्या दिवशी मी येथे शपथ घेईन, त्या दिवसापासून भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार माझे भारतीय नागरिकत्व आपोआप संपेल आणि आपल्या घरी येण्यासाठी मला भारत सरकारच्या परवानगीचा कागद लागेल. दोन्ही पासपोर्ट ठेवण्याची सोय नाही. आपला देश ती मुभा देत नाही आणि लिथुआनियाही अपवाद सोडले तर देत नाही. येथील राज्यघटनेतील ते कलम बदलण्यासाठी 2019 मध्ये आणि पुन्हा 12 मे 2024 रोजी सार्वमत घेतले गेले. दुसऱ्या वेळी मत देणाऱ्यांपैकी मोठ्या बहुमताने होकार दिला, परंतु एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडणे आवश्यक होते आणि तेवढी पडली नाहीत. लंडनला, शिकागोला गेलेल्या स्वतःच्या मुलांनाही हा देश दुसरा पासपोर्ट सहजी ठेवू देत नाही, तेथे माझ्यासारखीला वेगळा न्याय कोठून मिळणार?

पण बाबा, व्हिसा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ज्या रांगा आणि मुलाखती येतात, तसे हे प्रकरण नाही. जन्माने भारतीय असलेल्या माझ्यासारख्यांना ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', हे कार्ड मिळते. हे कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसाच असतो. कितीही वेळा यावे, कितीही दिवस राहावे, पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. त्यासाठी क्रम असा की, नवा पासपोर्ट हाती आला की जुना येथील भारतीय दूतावासात जमा करायचा, तो जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि त्यावर ओसीआयचा अर्ज करायचा. पूर्वी लिथुआनियाचे सगळे काम वॉर्साच्या दूतावासातून चालत असे. आता विल्नियसमध्येच आपला दूतावास असल्यामुळे दुसऱ्या देशात खेटे घालावे लागणार नाहीत.

कार्ड येईपर्यंत काही आठवडे जातील आणि तुमची खरी काळजी त्या आठवड्यांचीच आहे, हे तुम्ही न बोलताही मला समजले. दत्ताकाकांच्या वेळी सुधीरदादा पोहोचू शकला नाही, ते आपल्या घरात कोणी विसरलेले नाही. म्हणून सांगते. लिथुआनियाच्या नागरिकांना भारताचा ई-व्हिसा मिळतो. त्यासाठी दूतावासात जावे लागत नाही. छायाचित्र आणि पासपोर्टाचे पान संगणकावर चढवायचे, पैसे भरायचे आणि ई-मेलने परवानगी येते. मात्र अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी करावा लागतो, आणि ऐन वेळी ते चार दिवस मोजत बसण्याची माझी तयारी नाही. त्यामुळे जुना पासपोर्ट जमा झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले की गरज असो वा नसो, मी पाच वर्षांचा ई-व्हिसा लगेच काढून ठेवणार आहे. शिवाय बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी माझ्या सध्याच्याच निळ्या पासपोर्टवर येऊन जाईन आणि परत आल्यावरच शपथ घेईन. बोलावणे लवकर आले तर तारीख पुढची मागून घेईन. विल्नियसहून मुंबईला थेट विमान तसेही नाही. इस्तंबूल किंवा वॉर्साला बदलून मुंबई आणि तेथून महालक्ष्मी एक्सप्रेस, हा रस्ता आजही तेवढाच आहे आणि उद्याही तेवढाच राहील.

आई, तू मळ्याविषयी विचारले नाहीस, पण काकू विचारतील, म्हणून लिहिते. ओसीआय असलेल्या माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. त्यामुळे आजोबांच्या उसाच्या तुकड्याचे जे काही व्हायचे ते माझ्या पासपोर्टामुळे अडणार नाही, आणि हा विषय एवढ्यात काढण्याची कोणालाच गरज नाही. मतदानाचा हक्क मात्र जाईल. त्याचे मला वाईट वाटते, जरी मतदानाला समक्ष हजर राहण्याच्या अटीमुळे इतकी वर्षे तो हक्क कागदावरच राहिला होता.

आता हे सगळे कशासाठी, ते सांगते. पगारासाठी नाही, हे आधी मनातून काढून टाका. ताईच्या बाळाचे बारसे आठवा. टोरांटोला जाण्यासाठी मी सगळी कागदपत्रे वेळेत दिली होती. एका कार्यालयाने माझा पासपोर्ट इतके दिवस ठेवून घेतला की बारसे मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, आणि पासपोर्ट परत आला तोवर बाळ पालथे पडू लागले होते. कामाचेही तसेच आहे. येथील लेसर बनवणाऱ्या कंपन्यांचा माल जगभर जातो आणि तो बसवायला, जुळवायला माणूस जावे लागते. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोला आमच्या क्षेत्राचे मोठे प्रदर्शन भरते. माझ्या हाताखालची मुले शुक्रवारी ठरवून सोमवारी विमानात बसतात आणि मी बँकेचे उतारे, निमंत्रणपत्रे आणि मुलाखतीची तारीख यांच्या मागे लागलेली असते. ज्या यंत्राचा प्रत्येक स्क्रू मला ठाऊक आहे, ते बसवायला दुसऱ्यानेच जायचे, याची सवय होत नाही.

लिथुआनियाच्या पासपोर्टावर हे चित्र बरेच बदलते. अमेरिकेने 17 नोव्हेंबर 2008 पासून या देशाला व्हिसामाफीच्या यादीत घेतले आहे; संगणकावर पूर्वपरवानगी घेतली की नव्वद दिवसांपर्यंत जाता येते. कॅनडाने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये व्हिसाची अट काढली, आता विमानाने जाताना सात डॉलरची इलेक्ट्रॉनिक परवानगी पुरते आणि ती पाच वर्षे चालते. म्हणजे बाबा, ताईला रात्री ताप आला तर मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे असू शकते. ब्रिटन 2025 च्या एप्रिलपासून युरोपातल्या लोकांकडूनही अशीच परवानगी मागू लागला आहे, जपानला अल्प मुक्कामासाठी काहीच लागत नाही, आणि युरोपीय संघात तर खिशातल्या ओळखपत्रावर भागते, पासपोर्टसुद्धा घरी ठेवता येतो.

सगळीकडेच दारे उघडी आहेत असे मी म्हणणार नाही. तैवानचे कार्यालय विल्नियसमध्ये 2021 च्या नोव्हेंबरमध्ये उघडले तेव्हापासून चीनची या देशावर खप्पामर्जी आहे. 2024 च्या नोव्हेंबरअखेर चीनने लाटविया आणि एस्टोनिया या दोन्ही शेजाऱ्यांना व्हिसामाफी दिली, पण लिथुआनियाला वगळले. बेलारूसचे उलटे आहे. त्या देशाने 2022 च्या एप्रिलपासून लिथुआनियाच्या लोकांना व्हिसाशिवाय यायला मोकळीक दिली आहे आणि येथील सरकार मात्र आपल्या लोकांना तिकडे जाऊ नका म्हणून सांगत असते. आई, ती सीमा माझ्या घरापासून साधारण कोल्हापूर ते जयसिंगपूर एवढ्याच अंतरावर आहे हे तू कोणाकडून तरी ऐकलेच असशील. मी तिकडे जाणार नाही, तुझ्या गळ्याशपथ. टीव्हीवर युद्धाची बातमी लागली की नकाशा घेऊन बसू नकोस.

आमच्या विभागातल्या एक वयस्क बाई सांगतात की, सोव्हिएत काळात त्यांना परदेशी जायला दुसऱ्या देशाचा व्हिसा मिळवण्याआधी स्वतःच्याच सरकारकडून बाहेर पडण्याची परवानगी घ्यावी लागे आणि ती बहुतेकांना मिळत नसे. 11 मार्च 1990 ला स्वातंत्र्य जाहीर केलेल्या या लोकांना पासपोर्टाचे एवढे अप्रूप का, हे मला त्यांच्याकडून समजले. बाबा, आजोबा कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात असलेल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत दूध घालायला जात आणि तेथल्या पोलिश बायकांच्या गोष्टी तुम्ही आम्हाला सांगत असा. गाव सुटलेले, युद्ध संपल्यावर परत जायचे तर नकाशातली सीमाच सरकलेली, अशी ती माणसे होती. माझे तसे काही झालेले नाही. माझे गाव जागच्या जागी आहे आणि तेथे जायचा रस्ता मी आधीच बांधून ठेवते आहे.

नावाचीही काळजी नको. पूर्वी येथे पासपोर्टावर नाव लिथुआनियन अक्षरांतच लिहावे लागे आणि त्या वर्णमालेत डब्ल्यू नाही. 2022 च्या मेपासून कायदा बदलला, त्यामुळे आपले आडनाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसेच नव्या पासपोर्टावर राहील. ओसीआयसाठी दोन्हीकडचे स्पेलिंग जुळणे फार सोयीचे असते, आणि बाबांनी पहिलीत नाव घालताना हेडमास्तरांशी स्पेलिंगवरून घातलेला वाद फुकट गेला नाही म्हणायचे.

माझे खाणेपिणे, राहणे उत्तम चालले आहे. हिवाळ्यात संपूर्ण इमारत गरम पाण्याच्या नळ्यांनी तापलेली असते, त्यामुळे घरात मी सुती कपड्यांतच वावरते. तूरडाळ मिळते. ज्वारीचे पीठ मिळाले तर भाकरी करते, आणि ती अजूनही तव्यावर तुझ्यासारखी फुगत नाही. लहानपणी परीक्षेच्या दिवशी तू गरम भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तूप-मीठ घालून हातात द्यायचीस. नागरिकत्वासाठीच्या राज्यघटनेच्या परीक्षेला जाताना मला तीच आठवण झाली आणि मी पोळीलाच तूप लावून खाल्ले. भाषेची परीक्षाही पास झाले आहे. हे मी तुम्हाला आधी सांगितले नाही, कारण तुम्ही पेढे वाटले असतेत आणि मग कशाचे पेढे ते सांगावे लागले असते.

आता तुमच्या येण्याविषयी, आणि यात कोणाचे काही ऐकले जाणार नाही. लिथुआनिया 21 डिसेंबर 2007 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे तुम्हाला दोघांना शेंगेन व्हिसा काढावा लागेल. मी येथील नागरिक झाले तरी तुमचा व्हिसा सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. निमंत्रणपत्र मी येथील स्थलांतर विभागाच्या यंत्रणेतून करून पाठवीन. प्रत्येकी नव्वद युरो शुल्क आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा मी भरणार आहे, बाबांनी पेन्शनच्या पासबुकाला हात लावायचा नाही. एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येते, तेव्हा पंधरा दिवसांचे तिकीट काढून पाहुण्यांसारखे येऊ नका.

बोटांचे ठसे मुंबईच्या केंद्रात घेतले जातील. आधारच्या वेळी आईचे ठसे उमटत नव्हते, म्हणून आई, आधीचे चार दिवस भांड्यांना हात लावायचा नाही आणि रात्री हातांना खोबरेल लावायचे. मावशी आहेत भांड्यांना, त्यांना थोडे जास्त पैसे द्या. येथील विमानतळावर उतरल्यावर आता शिक्का मारत नाहीत, चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. बाबांनी तेव्हा चष्मा काढावा आणि अधिकाऱ्याला उगाच प्रश्न विचारू नयेत. असे दोन व्हिसा तीन वर्षांत नियमाप्रमाणे वापरले की 2024 च्या एप्रिलपासूनच्या नियमानुसार भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा येता येईल असा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पुढच्या वेळी रथयात्रा झाली की निघायचे, असे ठरवता येईल.

बाबा, तुमचा पासपोर्ट कपाटातल्या एलआयसीच्या फाइलीत आहे. तो आजच काढून मुदत पाहा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असायला हवा आणि आत दोन पाने कोरी हवीत. मुदत कमी उरली असेल तर कोल्हापुरातच पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात नूतनीकरणाची तारीख घ्या; पुण्याला एस्टीने जाण्याचा हट्ट धरू नका. दोघांच्या पासपोर्टांच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे स्वच्छ फोटो मला पाठवा, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह लिहून घ्या, कारण तुमच्या गोळीचे कंपनीचे नाव येथील दुकानदाराला कळणार नाही.

आई, रविवारी फोन करीन तेव्हा दूध आधीच तापवून ठेव.

तुमची लाडकी,
धाकटी