वर्गीकरण शिकवायला बंदर कशाला सोडायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये प्राण्यांचं वर्गीकरण आहे, आमच्या घरी सध्या त्याचंच पाठांतर चालू आहे. पुतणी संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी सगळं उदाहरणासकट धडाधड म्हणते, पण परवा माकुल (स्क्विड) साफ करताना हे कुठल्या संघातलं असं विचारलं तर गप्प. आता माकुलाच्या आतून ती प्लास्टिकसारखी पारदर्शक पात ओढून काढतो ना, ते त्याचं उरलंसुरलं कवच, म्हणजे तिसऱ्या, कालवं या शिंपल्यांच्याच नात्यातलं, मृदुकाय. ती पात हातात देऊन शिकवलं असतं तर पोरगी विसरली असती का?

सगळ्यात भारी जोडी हलवा आणि पापलेटची. दोन्ही चपटे, ताटात तर सख्खे भाऊच वाटतात, हलव्याला इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेटच म्हणतात. पण हलव्याच्या शेपटीच्या देठाशी बोट फिरवा, कडक खवल्यांची धार लागते, काट बांगड्याला असते तशी, आणि शास्त्रज्ञ त्याला त्याच कुळात बसवतात. पापलेटचं कुळ वेगळं. उलट सुरमई आणि साधा बांगडा आकाराने कुठे कुठे, पण शेपटीकडे जाताना बारक्या सुट्या परांची रांग दोघांनाही असते, कुप्यालाही (ट्यूना) असते, आणि हे तिघं एकाच कुळातले. वरवरच्या दिसण्यावर भले भले फसतात, वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने 1735 मध्ये देवमासा माशांत टाकला होता आणि 1758 च्या आवृत्तीत त्याला सस्तन प्राण्यांत आणला.

आठवीच्या पुस्तकात सजीवांचे मोठे गट, म्हणजे सृष्टी, लिनियसने 2 केल्या, 1866 मध्ये हेकेलने 3, 1969 मध्ये व्हिटाकरने 5 असं सगळं आहे, पण ते पोरं जोड्या लावासाठी घोकतात. आकडे का बदलले, बुरशी स्वतःचं अन्न करत नाही तरी इतकी वर्षं झाडांत का धरली, हे वर्गात कोण बोलतं?

माझी सूचना वेळापत्रकाची आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, शाळा सुरू होते जूनच्या मध्याला, म्हणजे तेव्हा बंदरावर जाऊन काय बघणार. पण त्याच दिवसांत जांभ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) मॉस आणि नेचे नुसते मातलेले असतात, नववीचा वनस्पतींचा धडा तेव्हाच उरकावा. नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके नखाने खरवडले की बीजाणूंची पूड हाताला लागते, मायक्रोस्कोप नसला तरी अर्धं काम होतं. आणि प्राण्यांचा धडा नारळी पौर्णिमेनंतर, होड्या भरून यायला लागल्या की.

पोर्शन पुरा होत नाही, शाळेबाहेर न्यायचं तर परवानग्या लागतात हे सर लोकांचं म्हणणं मला मान्य आहे, त्यांच्यामागे कामं काय कमी आहेत. मग शाळेतच आणा ना, बर्फाच्या पेटीत मिक्स मासळीचा एक वाटा, चार कोळंब्या, एक चिंबोरी, एखादी लहान मोरी (शार्क), तिच्या कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात, आत हाडांऐवजी कुर्चा. मासळीवाल्या मावश्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर जाळ्यात आलेला तारामासाही फेकून न देता बाजूला ठेवतील. पाकट (स्टिंग रे) घेतलंत तर शेपटीचा काटा मात्र तिथेच काढून घ्या.

आपला,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली